बहुफलक

सर्व बाजूंनी सपाट बहुभुजाकृतींनी बंदिस्त झालेल्या घनाकृतीस बहुफलक असे म्हणतात. बहुफलकाला मर्यादित करणारी प्रत्येक बहुभुजाकृती म्हणजे त्याचा फलक (शालेय पुस्तकांतील पृष्ठ), दोन फलक ज्या रेषाखंडात मिळतात ती कड व तीन किंवा अधिक कडा ज्या बिंदूत एकत्र येतात तो शिरोबिंदू होय. विटेचा आकार, काडेपेटी, फासा, सूची, चिती (लोलक), मिठाचा व तुरटीचा स्फटिक ही बहुफलकांची परिचित उदाहरणे होत. गोल, वृत्तचिती व शंकू यांना वक्रपृष्ठ असल्यामुळे त्यांची गणना बहुफलकांत होत नाही.

बहुफलकाचे गुणधर्म दोन प्रकारचे असतात. कडेची लांबी, फलकाचे क्षेत्रफळ, घनफळ, दोन फलकांमधील कोन हे गुणधर्म मोजपट्टी व कोनमापक यांच्या साहाय्याने मापता येतात आणि आकृती लहानमोठी केली किंवा दाबून तिरपी केली, की ते बदलतात. शिरोबिंदू, कडा व फलक यांच्या संख्या मात्र मापून नव्हे, तर एकेक करून मोजून मिळतात. आकृती ताणली वा तिरपी केली तरी त्या तशाच राहतात. अशा साध्या मोजणीतून काय निष्पन्न होते, ते खरे का असते आणि कोठे खरे राहत नाही, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या विचारातूनच संस्थितिविज्ञान या गणिताच्या स्वतंत्र शाखेचा एक प्रमुख प्रवाह उगम पावला [⟶ संस्थितिविज्ञान].

प्रतिकृती : मोजणीसाठी प्रत्यक्ष हाताळता येण्याजोग्या प्रतिकृती तीन प्रकारे करता येतात. (१) भरीव प्रतिकृती : साबणाची वडी, ओली माती किंवा बटाटा सुरीने कापून ही तयार होते. हिच्यावरून आकृतीचा एखादा कोपरा कापल्यास काय बदल होतो ते पाहता येते. (२) सांगाडा : भिजवलेले वाटाणे किंवा मातीच्या गोळ्या यांत खराट्याच्या काड्या खोचून सांगाडा उभा करतात. यात प्रत्येक गोळी हा शिरोबिंदू व प्रत्येक काडी ही कड असते. फलक मात्र रिकामे राहतात. बालोद्यान पद्धतीचे जनक फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी मुलांच्या हस्तव्यवसायांत वाटाणे व काड्या यांच्या कामाचा समावेश केला होता. (३) घडण : जाड कागदावर सर्व फलक एकमेकांस जोडून काढलेली सपाट आकृती म्हणजे घडण. ती घडी घालून चिकटविली, की बहुफलक तयार होतो.

सांगाडा व घडण या दोन्ही कल्पना जुन्या आहेत. लूका पाचोली यांच्या १५०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा व्हिंची यांनी बहुफलकांची जी चित्रे काढली, त्यांत भरीव आकृतीशेजारी तिचा पोकळ सांगाडाही दाखविलेला आहे. त्यामुळे एरवी दृष्टीआड राहणाऱ्या मागील कडाही मोजता येतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी आपल्या १५२५ च्या मापनविषयक ग्रंथात अनेक बहुफलकांच्या घडणी दिल्या आहेत.

मोजणीच्या पद्धती : प्रतिकृती हातात फिरवीत सरसकट मोजू लागल्यास तीच कड दोनदा मोजली जाते किंवा एखादी सुटते. हे टाळण्यासाठी पुढील दोन पद्धती उपयोगी पडतात.

पहिली थरांची पद्धती : आकृती टेबलावर स्थिर ठेवून वरचा थर, मधला थर व खालचा थर असे भाग पाडतात. उदा., घनाच्या वरच्या चौरसाच्या ४ कडा, खालच्या चौरसाच्या ४ व दोहोंना जोडणाऱ्या उभ्या ४ मिळून १२ कडा होतात. हीच पद्धती कोणत्याही चितीस लागू पडते. तळाला न भुजा असलेल्या चितीला २न शिरोबिंदू, ३न कडा व न + २ फलक असतात. तशाच तळाच्या सूचीला न + १ शिरोबिंदू, २न कडा व न + १ फलक असतात. सूचीत शिरोबिंदू व फलक यांच्या संख्या नेहमी समान येतात, हे येथेच लक्षात येते.

दुसरी विभागणीची पद्धती : बहुफलक मनाने सुटा करून त्याचे फलक वेगवेगळे मांडले आहेत असे समजावे. घनाचे ६ चौरस सुटे केल्यास त्यांच्या एकूण ६ × ४ = २४ भुजा व २४ कोपरे होतात. घन जोडताना दोन-दोन भुजा मिळून एक कड होते, म्हणून कडा २४ ÷ २ = १२; आणि तीन-तीन कोपरे मिळून एक शिरोबिंदू होतो, म्हणून शिरोबिंदू २४ ÷ ३ = ८. विंशतिफलकात २० त्रिकोण असून प्रत्येक शिरोबिंदूपाशी ५ त्रिकोण येतात; म्हणून कडा ६० ÷ २ = ३० व शिरोबिंदू ६० ÷ ५ = १२. ज्या आकृतीची प्रतिकृती हाताशी नाही तिचीही मोजणी या पद्धतीने होते. यूक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाला पुढील काळात जोडलेल्या पंधराव्या भागात सुसम बहुफलकांच्या कडा व शिरोबिंदू काढण्यासाठी नेमका हाच नियम दिलेला आहे. मूलतत्त्वे या ग्रंथाचे, या पुरवणी भागांसह, जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने अरबीवरून संस्कृतात रेखागणित या नावाने भाषांतर केले. ते मुंबई संस्कृत मालेत १९०१–०२ मध्ये दोन खंडांत मुद्रित झाले.

विभागणीच्या पद्धतीतून एक निर्बंधही मिळतो. सर्व फलकांच्या भुजांची एकूण संख्या ही कडांच्या दुप्पट, म्हणजे नेहमी सम असली पाहिजे. त्यामुळे विषम संख्येइतक्या भुजा असलेले फलक कोणत्याही बहुफलकात सम संख्येनेच येतात. केवळ पाच त्रिकोणांचा बहुफलक करावयाचा कितीही प्रयत्न केला, तरी तो बंद होणार नाही. कारण त्यांच्या भुजा १५ असून एका भुजेला जोडीदार मिळत नाही.

या पद्धतींनी मिळणाऱ्या काही संख्या खालील कोष्टकात दिल्या आहेत.

| बहुफलक | शिरोबिंदू | कडा | फलक |
|---|---|---|---|
| चतुष्फलक | ४ | ६ | ४ |
| चौरस सूची | ५ | ८ | ५ |
| त्रिकोणी चिती | ६ | ९ | ५ |
| अष्टफलक | ६ | १२ | ८ |
| घन | ८ | १२ | ६ |
| षट्कोनी चिती | १२ | १८ | ८ |
| विंशतिफलक | १२ | ३० | २० |
| द्वादशफलक | २० | ३० | १२ |

कोष्टकातील तिन्ही स्तंभ स्वतंत्रपणे पाहिल्यास त्यांत काही क्रम आढळत नाही. अष्टफलक व घन यांच्या कडा समान, तर शिरोबिंदू व फलक यांच्या संख्यांची अदलाबदल झालेली दिसते. द्वादशफलक व विंशतिफलक यांचीही तीच स्थिती आहे. अशा जोडीतील आकृतींना परस्परद्वैती म्हणतात. एकीच्या प्रत्येक फलकाच्या मध्यबिंदूवर शिरोबिंदू घेतल्यास दुसरी तयार होते. तथापि कोष्टकातील प्रत्येक ओळीत शिरोबिंदू व फलक यांची बेरीज कडांपेक्षा बरोबर २ ने अधिक आहे, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय.

ऑयलर सूत्र : शिरोबिंदू, कडा व फलक यांच्या संख्या अनुक्रमे शि, क व फ मानल्यास वरील संबंध

शि − क + फ = २

असा लिहिता येतो. स्विस गणितज्ञ लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) यांनी बर्लिनहून १४ नोव्हेंबर १७५० रोजी क्रिस्टिआन गोल्डबाख (१६९०–१७६४) यांना लिहिलेल्या पत्रात तो प्रथम मांडला. मात्र आपणास त्याची समाधानकारक सिद्धता देता येत नाही, असेही त्यांनी नमूद केले होते. या विषयावरील त्यांचे निबंध सेंट पीटर्सबर्ग अकादमीने १७५८ मध्ये प्रसिद्ध केले.

घन, सूची, चिती यांचा अभ्यास ऑयलर यांच्यापूर्वी दोन हजार वर्षे चालू होता. प्लेटो (इ. स. पू. ४२७–३४७) यांच्या तिमेउस या संवादात पाच सुसम बहुफलकांचा उल्लेख आहे, तर यूक्लिड यांच्या तेराव्या भागात त्यांची रचना व त्यांच्या कडांची गोलाच्या व्यासाशी गुणोत्तरे दिलेली आहेत. असे असता हा इतका साधा संबंध कोणाच्याच नजरेस कसा आला नाही, याचे कारण मापन व मोजणी यांतील फरकात आहे. ग्रीक भूमितीचे लक्ष लांबी, कोन व घनफळ यांवर होते. बहुफलकांचे वर्गीकरण करण्यासाठी केवळ मोजता येणारे घटक हवेत, अशी ऑयलर यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी कड या घटकाला स्वतंत्र नावही दिले. घटकांना नावे मिळाल्यावर त्यांच्यातील संबंध शोधणे शक्य झाले.

फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी याच्याशी निगडित असा एक सिद्धांत सु. १६३० मध्ये लिहून ठेवला होता. एखाद्या शिरोबिंदूपाशी येणाऱ्या सर्व फलककोनांची बेरीज ३६०° पेक्षा जितकी कमी असेल, तितकी त्या शिरोबिंदूची कोनतूट मानली, तर बहिर्वक्र बहुफलकाच्या सर्व शिरोबिंदूंच्या कोनतुटींची बेरीज नेहमी ७२०° भरते. घनात प्रत्येक शिरोबिंदूपाशी ३ × ९०° = २७०° होतात, म्हणून तूट ९०° व एकूण तूट ८ × ९०° = ७२०°. द्वादशफलकात तूट प्रत्येकी ३६° असून २० शिरोबिंदूंची मिळून तीही ७२०° होते. देकार्त यांच्या या टिपणाची लायप्निट्स यांनी १६७६ मध्ये केलेली नक्कल हॅनोव्हर येथे सापडून १८६० मध्ये छापली गेली. त्यामुळे ऑयलर यांना तिची माहिती असणे शक्य नव्हते. बहुभुजाकृतीच्या कोनांच्या बेरजेचा नियम वापरल्यास सर्व फलककोनांची बेरीज ३६०° × (क − फ) इतकी येते. म्हणून एकूण तूट ३६०° × (शि − क + फ) होते आणि ती ७२०° असणे व ऑयलर सूत्र खरे असणे या दोन्ही गोष्टी एकच ठरतात.

घडणीवरून सिद्धता : कोष्टकात कितीही ओळी वाढविल्या, तरी तेवढ्यावरून सूत्र सिद्ध होत नाही, न मोजलेली एखादी आकृती ते मोडणार नाही, याची हमी मोजणी देऊ शकत नाही. आद्रियँ मारी लझांद्र (१७५२–१८३३) यांनी १७९४ मध्ये गोलावरील त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या आधारे पहिली निर्दोष सिद्धता दिली. ओग्यूस्तँ ल्वी कोशी (१७८९–१८५७) यांनी १८११ मध्ये एक फलक काढून टाकून उरलेली आकृती सपाट पसरण्याची युक्ती योजली. कार्ल फोन श्टाउट (१७९८–१८६७) यांच्या १८४७ मधील सिद्धतेतील मुख्य विचार मात्र पुठ्ठ्याचे खोके व सुरी यांनीच समजावून देता येतो, तो पुढीलप्रमाणे आहे.

पुठ्ठ्याचा घनाकृती खोका कडांवरून कापून असा उलगडावा, की तो एकसंध राहून सपाट पसरेल. कापलेल्या कडा मोजल्यास ७ व न कापता घडीच्या रूपात उरलेल्या कडा मोजल्यास ५ आढळतात. घनाच्या घडणी ११ वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. परंतु कोणतीही घडण घेतली तरी या दोन संख्या बदलत नाहीत. त्याचे कारण असे : घडण तयार करताना एका फलकापासून आरंभ करून एकेक नवा फलक एकेका घडीने जोडत गेल्यास फ फलकांना फ − १ घड्या लागतात. म्हणजे घनात ५.

आता कापलेल्या कडांचा विचार करू. त्या कोठेही बंद वलय करीत नाहीत. कारण बंद वलयावर कापल्यास खोक्याचे दोन सुटे तुकडे झाले असते, पण घडण तर एकसंध आहे. तसेच त्या सर्व शिरोबिंदूंना एकमेकांशी जोडतात. तसे नसते, तर एखादा शिरोबिंदू किंवा कापांचा एखादा गट इतरांपासून अलग राहिला असता आणि त्याच्याभोवती घड्यांनी जोडलेल्या फलकांचे बंद कडे तयार झाले असते; परंतु प्रत्येक नवा फलक एकाच घडीने जोडला असल्यामुळे असे कडे संभवत नाही. अशा रीतीने कापलेल्या कडा झाडाच्या फांद्यांप्रमाणे वलय न करता सर्व शिरोबिंदूंपर्यंत पोहोचतात. अशा वृक्षात एका शिरोबिंदूपासून आरंभ केल्यास प्रत्येक नवी फांदी एकेक नवा शिरोबिंदू जोडते. म्हणून तिच्या कडा शि − १ असतात. म्हणजे घनात ७.

प्रत्येक कड एकतर कापलेली असते किंवा घडी असते. त्यामुळे क = (शि − १) + (फ − १), म्हणजेच शि − क + फ = २. सूत्रातील २ हा अंक कोठून येतो, हेही यावरून स्पष्ट होते : एक पहिल्या शिरोबिंदूचा व एक पहिल्या फलकाचा.

सूत्राचे परिणाम : (१) सात कडांचा बहुफलक असू शकत नाही. प्रत्येक फलकाला निदान ३ भुजा असल्याने ३फ ही संख्या २क पेक्षा म्हणजे १४ पेक्षा अधिक होऊ शकत नाही. म्हणून फ जास्तीत जास्त ४. याचप्रमाणे शि जास्तीत जास्त ४. परंतु सूत्रानुसार शि + फ = ९ असावयास हवे; हे अशक्य आहे. सहा कडांचा चतुष्फलक व आठ कडांची सूची यांच्यामध्ये काहीच नाही.

(२) सुसम बहुफलक पाचच आहेत. प्रत्येक फलकाला प भुजा व प्रत्येक शिरोबिंदूपाशी म फलक असल्यास, विभागणीच्या पद्धतीने प × फ = २क व म × शि = २क. या किंमती सूत्रात घातल्यास १/प + १/म = १/२ + १/क असे समीकरण मिळते. प व म या दोन्ही संख्या निदान ३ असल्याने डावी बाजू १/२ पेक्षा मोठी राहण्यासाठी (३, ३), (४, ३), (३, ४), (५, ३) व (३, ५) या पाचच जोड्या शक्य आहेत. त्या अनुक्रमे चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक व विंशतिफलक यांच्या आहेत. या युक्तिवादात एकही लांबी वा कोन वापरलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

(३) मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे केवळ षट्कोनांनी बंद पृष्ठ तयार करता येत नाही. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन फलक येत असून सर्व फलक पंचकोन किंवा षट्कोन असतील, तर षट्कोन कितीही असले तरी पंचकोन बरोबर १२ च असतात. पंचकोनांची संख्या प व षट्कोनांची ष मानल्यास कडा (५प + ६ष) ÷ २, शिरोबिंदू (५प + ६ष) ÷ ३ व फलक प + ष होतात. या संख्या सूत्रात घालून दोन्ही बाजूंना ६ ने गुणल्यास ष निघून जातो आणि प = १२ एवढेच उरते. काळ्या व पांढऱ्या तुकड्यांच्या परिचित फुटबॉलात १२ पंचकोन व २० षट्कोन असतात. त्याचे शिरोबिंदू ६० व शिवणी ९० आहेत. कार्बनाच्या ६० अणूंचा रेणू याच आकाराचा असल्याचा शोध १९८५ मध्ये लागला व त्याबद्दल हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल व रिचर्ड स्मॉली यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कुलातील ७० अणूंच्या रेणूत षट्कोन २५ आहेत, पंचकोन मात्र १२ च. आग्नेय आशियात खेळल्या जाणाऱ्या वेताच्या विणलेल्या चेंडूलाही १२ पंचकोनी छिद्रे असतात.

कोपरे कापणे : साबणाच्या घनाकृती वडीचा एक कोपरा तिरपा कापल्यास त्या जागी त्रिकोणी फलक तयार होतो. एक शिरोबिंदू जाऊन तीन नवे येतात, कडा तीनने वाढतात व फलक एकाने वाढतो; म्हणून शि − क + फ यात २ − ३ + १ = ० इतका, म्हणजे काहीच फरक पडत नाही. आठही कोपरे कापल्यास २४ शिरोबिंदू, ३६ कडा व १४ फलक मिळतात. निसर्गात स्फटिकांवर असे कापल्यासारखे कोपरे पुष्कळदा दिसतात. महाराष्ट्रातील दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टातील पोकळ्यांत आढळणारे ॲपोफिलाइटाचे स्फटिक पुष्कळदा घनासारखे दिसणारे व कोपऱ्यांवर लहान त्रिकोणी फलक असलेले असतात. त्यांची वाढ सर्व बाजूंनी सारखी नसल्याने फलक लहानमोठे होतात; मोजणी मात्र बदलत नाही [⟶ स्फटिकविज्ञान].

अपवाद व मर्यादा : सूत्र सर्वच घनाकृतींना लागू पडत नाही, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाली. स्विस गणितज्ञ सीमॉन ल्विलिए (१७५०–१८४०) यांनी १८१२–१३ मध्ये अपवादांचे तीन प्रकार दाखविले.

पहिला प्रकार आरपार भोक असलेल्या आकृतींचा. चार तिरपे सांधे असलेली चित्राची चौकट घेतल्यास तिचे शिरोबिंदू १६, कडा ३२ व फलक १६ असतात; म्हणून शि − क + फ = ०. वरील सिद्धता येथे नेमकी कोठे अडते, हे चौकट कापून पाहता येते. चौकटीची एक बाजू सभोवार कापली, तर बंद वलयावर काप जाऊनही तिचे दोन तुकडे होत नाहीत. ‘बंद वलय म्हणजे दोन तुकडे’ हे गृहीतकच येथे खोटे ठरते. आरपार भोकांची संख्या भ असल्यास सूत्र शि − क + फ = २ − २भ असे होते. हंगेरियन गणितज्ञ आकोश चासार यांनी १९४९ मध्ये अवघे ७ शिरोबिंदू, २१ कडा व १४ त्रिकोणी फलक असलेला एका भोकाचा बहुफलक शोधून काढला. त्याचा परस्परद्वैती, म्हणजे केवळ ७ फलकांचा बहुफलक लायोश सिलाशी यांना १९७७ मध्ये आढळला. त्याचा प्रत्येक फलक उरलेल्या सहाही फलकांना कडेने लागलेला असतो.

दुसरा प्रकार वलयाकार फलकांचा. मोठ्या घनाच्या वरच्या फलकाच्या मधोमध लहान घन चिकटविल्यास १६ शिरोबिंदू, २४ कडा व ११ फलक होतात आणि १६ − २४ + ११ = ३ येतात. वरचा फलक आता साधा बहुभुज नसून मध्ये मोकळी जागा असलेले वलय आहे. लहान घनाच्या तळाच्या एका कोपऱ्यापासून मोठ्या घनाच्या कोपऱ्यापर्यंत त्या फलकावर एक रेघ ओढून ती कड मानली, की उत्तर पुन्हा २ होते. याच कारणाने एकाच सपाट पट्टीतून कापलेल्या, म्हणजे सांध्यांच्या रेघा नसलेल्या चौकटीची मोजणी फसवी ठरते : १६ − २४ + १० = २. येथे सूत्र लागू पडले असे दिसते. वस्तुतः भोकामुळे कमी झालेले २ व दोन वलयाकार फलकांमुळे वाढलेले २ यांनी एकमेकांना झाकले आहे. वरच्या व खालच्या फलकावर एकेक रेघ ओढताच खरे उत्तर ० हे प्रकट होते.

तिसरा प्रकार आतील पोकळीचा. घनाच्या आत घनाकृती पोकळी असल्यास १६ − २४ + १२ = ४ येतात; येथे पृष्ठे दोन सुटी असून प्रत्येकाचे २ मिळतात. जर्मन स्फटिकवैज्ञानिक योहान हेसेल (१७९६–१८७२) यांना पारदर्शी स्फटिकात बंदिस्त झालेल्या दुसऱ्या स्फटिकावरून हाच अपवाद सुचला व त्यांनी तो १८३२ मध्ये प्रसिद्ध केला.

एकमेकांना छेदणारे फलक असलेल्या ताराकृती बहुफलकांचा प्रश्न याहून निराळा आहे. योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६१९ मध्ये वर्णिलेल्या एका ताराकृतीत पंचकोनी तारा हा एक फलक मानल्यास १२ − ३० + १२ = −६ येतात; तीच आकृती तिच्या बाहेर दिसणाऱ्या ६० त्रिकोणांनी बनलेली मानल्यास ३२ − ९० + ६० = २ येतात. आकृती एकच असून उत्तरे दोन आहेत. कारण फलक कशाला म्हणावयाचे, हे दोन ठिकाणी वेगवेगळे ठरविले आहे. अशा अपवादांमुळे बहुफलकाची व्याख्या हळूहळू काटेकोर होत गेली. सिद्धता व अपवाद यांच्या या देवाणघेवाणीचे विवेचन इम्रे लाकाटोश (१९२२–७४) यांच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिततत्त्वज्ञानविषयक ग्रंथात आढळते. आंरी प्वँकारे (१८५४–१९१२) यांनी १८९५ पासून लिहिलेल्या निबंधांत सूत्राचा विस्तार कोणत्याही मितीच्या आकृतींपर्यंत केला.

अध्यापनातील उपयोग : शालेय पाठात वृत्तचिती व शंकू यांच्या कडा व शिरोबिंदू विचारले जातात, तेव्हा बहुधा घोटाळा होतो. वृत्तचितीस ० शिरोबिंदू, २ वर्तुळाकार कडा व ३ पृष्ठे मानल्यास उत्तर १ येते. येथे सूत्र चुकले असे नसून, ज्यावर एकही शिरोबिंदू नाही अशी बंद कड व वलयासारखे वक्रपृष्ठ सूत्राच्या अटींत बसत नाहीत. डबा उभ्या रेषेवर कापल्याची कल्पना करून ती रेषा व तिची दोन टोके मोजणीत घेतली, की २ − ३ + ३ = २ असे योग्य उत्तर मिळते. शंकूला १ शिरोबिंदू, १ कड व २ पृष्ठे मानल्यास उत्तर २ येते खरे, परंतु ते दोन चुका परस्परांत वजा झाल्याने येते. म्हणून केवळ उत्तर जुळले यावरून मोजणी बरोबर आहे असे समजणे धोक्याचे होय. प्रथम प्रतिकृती तयार करणे, दोन स्वतंत्र पद्धतींनी मोजणे, मग सूत्राने पडताळा घेणे आणि पडताळा न जमल्यास आकृतीत भोक, वलयाकार फलक अथवा पोकळी आहे काय हे पाहणे, हा क्रम विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरतो. त्यात त्यांना मोजणीकडून नियमाकडे, नियमाकडून सिद्धतेकडे व सिद्धतेकडून तिच्या अटींकडे जाण्याचा तोच मार्ग अल्पावधीत चालावयास मिळतो, जो गणिताने ऑयलर यांच्यापासून प्वँकारे यांच्यापर्यंत सुमारे दीडशे वर्षांत आक्रमिला.